सिद्धतेचे प्रामाण्य

‘लॉजिक इन कम्प्युटर सायन्स’ ही संगणकशास्त्रातील तर्कशास्त्राला वाहिलेली वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद ‘लिक्स’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. तिची पहिली बैठक जून १९८६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे झाली. पुढे ती एडिंबरा (१९८८), कोपनहेगन (२००२), क्योटो (२०१५), ऑक्सफर्ड (२०१८) अशी देशोदेशी भरत आली. प्रोग्राम बरोबर आहे हे कसे सिद्ध करावे, कोणते प्रश्न यंत्राला सोडवता येतात, सिद्धता आणि प्रोग्राम यांचे नाते काय, हे तिथल्या शोधनिबंधांचे नेहमीचे विषय. मांडणी तांत्रिक असली तरी या साऱ्याच्या बुडाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. एखादी गोष्ट सिद्ध झाली असे म्हणताना नेमके काय हाती आलेले असते, आणि त्यावर विसंबायचे ते कशाच्या जोरावर? भारतीय दर्शनांत हा प्रामाण्याचा प्रश्न म्हणून चर्चिला गेला आहे.

तर्कशास्त्र आणि संगणक यांचा संबंध प्रत्यक्ष संगणकापेक्षा जुना आहे. कोणतेही गणिती विधान दिले असता ते सिद्ध होण्याजोगे आहे की नाही हे ठरवणारी यांत्रिक रीत असेल काय, असा प्रश्न डाव्हिट हिल्बर्ट आणि विल्हेल्म आकरमान यांनी १९२८ मध्ये मांडला. १९३६ मध्ये अलोन्झो चर्च आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे त्याचे उत्तर नकारार्थी दिले. ते देताना ट्युरिंग यांना ‘यांत्रिक रीत’ म्हणजे काय याची व्याख्या करावी लागली आणि त्या व्याख्येतून संगणकाची कल्पना आकाराला आली. म्हणजे यंत्राची कल्पना आणि यंत्राची मर्यादा एकाच निबंधातून पुढे आली. दिलेला कोणताही प्रोग्राम कधीतरी थांबेल की अखंड चालत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम असू शकत नाही, हा त्या मर्यादेचा सर्वांत परिचित आविष्कार होय.

या मर्यादेमुळे अभ्यासकांसमोर दोन वाटा उरल्या. पहिल्या वाटेवर सिद्धता माणूस रचतो. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये तिची पद्धत घालून दिली. आज्ञा चालण्यापूर्वी काय खरे असते आणि चालून झाल्यावर काय खरे असायला हवे, हे नेमके लिहायचे आणि पहिल्यावरून दुसरे निघते हे नियमांनी दाखवायचे, असे तिचे स्वरूप आहे. दुसऱ्या वाटेवर प्रश्नच आवरता घेतात. यंत्रणेच्या अवस्था मर्यादित आहेत असे धरले, तर त्या सगळ्या तपासण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. हिला मॉडेल चेकिंग म्हणतात. लिक्सच्या पहिल्याच बैठकीत मोशे वार्दी आणि पिएर वोल्पर यांनी ही तपासणी ऑटोमाटा सिद्धान्ताच्या भाषेत मांडली. १९९० च्या बैठकीतील एका निबंधाच्या शीर्षकातच १० चा २० वा घात ही संख्या होती. तेवढ्या अवस्था एकेक न मोजता, सूत्रांच्या रूपाने एकत्र हाताळण्याची युक्ती त्यात होती. अशा तपासणीची गरज पुढे चारच वर्षांत सर्वांना दिसली. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली आणि तिच्यापायी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड सोसला.

पण सिद्धता हाती असूनही चूक राहू शकते. याचे बोलके उदाहरण म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीतून एखादी नोंद शोधण्याची द्विभाजन रीत. जाडजूड शब्दकोशात शब्द शोधणारा माणूस कोश मधोमध उघडतो, हवा तो शब्द अलीकडे आहे की पलीकडे हे पाहतो आणि उरलेल्या निम्म्या भागात तेच करतो. प्रोग्राममध्ये हा मध्य काढण्यासाठी खालच्या आणि वरच्या टोकाचे क्रमांक मिळवून दोनाने भागतात. जॉन बेंटली यांनी आपल्या पुस्तकात या रीतीच्या अचूकतेची मांडणी केली होती आणि ती अनेकांनी प्रमाण मानली. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिले, की जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातील याच रीतीत वर्षानुवर्षे एक चूक दडून राहिली होती.

ती चूक आकड्यांतच पाहता येते. ३२ बिटांच्या जागेत मावणारी सर्वांत मोठी धन पूर्णांक संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. खालचे टोक १,५०,००,००,००० आणि वरचे १,६०,००,००,००० असेल, तर बेरीज ३,१०,००,००,००० होते. ती त्या जागेत मावत नाही; यंत्र गोल फिरून उणे १,१९,४९,६७,२९६ हे उत्तर देते. त्याचा निम्मा आकडाही ऋणच आणि यादीत ऋण क्रमांकाची जागाच नसते. उपाय साधा आहे : दोन टोकांतील अंतर निम्मे करून ते खालच्या टोकात मिळवायचे. पन्नास दशलक्ष मिळवून मध्य १,५५,००,००,००० येतो आणि वाटेत कोणतीही संख्या मर्यादा ओलांडत नाही. मूळ युक्तिवादात तर्काची चूक नव्हती. तो गणितातल्या अमर्याद पूर्णांकांविषयी होता आणि यंत्रात ते पूर्णांक नव्हते.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत हा दोष नेमका सांगता येतो. डोंगरावर धूर दिसला, जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमानाचे पाठ्य उदाहरण. यात धूर हा हेतू, डोंगर हा पक्ष आणि धूर–अग्नी यांचे अव्यभिचारी साहचर्य ही व्याप्ती. पहाटेच्या वाफेला कोणी धूर समजला, तर व्याप्ती अबाधित असूनही अनुमान फसते, कारण हेतू पक्षावर नाहीच. या हेत्वाभासाला ‘असिद्ध’ म्हणतात. द्विभाजनाच्या मांडणीत व्याप्ती शाबूत होती. अमर्याद पूर्णांक हा हेतू यंत्ररूपी पक्षावर नव्हता. आधुनिक आकारिक तर्कशास्त्र युक्तिवादाचा साचा निर्दोष आहे की नाही, एवढेच पाहते; आधारवाक्ये खरी आहेत काय हा प्रश्न ते बाजूला ठेवते. नैयायिकांनी ही दोन कामे वेगळी केली नाहीत. अनुमान हे ज्ञानाचे साधन असल्याने त्यातून खरे ज्ञान निघालेच पाहिजे, अशी त्यांची अट होती. संगणकाच्या बाबतीत ही जुनी अट पुन्हा महत्त्वाची ठरते.

पाश्चात्त्य चर्चेत हाच मुद्दा १९८८ मध्ये जेम्स फेट्झर यांनी मांडला. प्रोग्राम हा कागदावरचा मजकूर असेल तर त्याविषयी सिद्धता देता येते. तोच प्रत्यक्ष यंत्रात चालणारी भौतिक घडामोड असेल, तर तिच्याविषयी केवळ अनुभवाच्या आधारे बोलता येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १९७९ मध्ये रिचर्ड डिमिलो, रिचर्ड लिप्टन आणि अ‍ॅलन पर्लिस यांनी वेगळा आक्षेप घेतला होता. गणितज्ञ प्रमेय मानतात ते ते वाचले जाते, सांगितले जाते, शिकवले जाते आणि दुसरीकडे वापरले जाते म्हणून. प्रोग्रामची सिद्धता इतकी लांबलचक आणि रटाळ असते, की तिच्या वाट्याला हा सामाजिक संस्कार येतच नाही.

सिद्धता वाचलीच गेली नाही तर ती सिद्धता म्हणावी काय, हा प्रश्न शुद्ध गणितातही उभा राहिला होता. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो, की शेजारच्या प्रदेशांना एकच रंग येत नाही, हे विधान १९७६ मध्ये केनेथ अ‍ॅपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी सिद्ध केले. त्यातली असंख्य प्रकरणे संगणकाने तपासली होती. सारी हाताने पडताळणे कोणालाही शक्य नव्हते. सिद्धता माणसाच्या नजरेखालून जाण्याजोगी असावी, ही अट मोडल्यामुळे गणितात प्रयोगाचा शिरकाव झाला, असे टॉमस टिमॉच्को यांनी १९७९ मध्ये म्हटले. १९९८ मध्ये टॉमस हेल्स यांनी केप्लरच्या अनुमानाची सिद्धता दिली. समान आकाराचे गोल कमीत कमी जागेत कसे रचावेत, याविषयीचा तो सतराव्या शतकातला प्रश्न. बारा परीक्षकांच्या गटाने वर्षानुवर्षे खपून ‘९९ टक्के खात्री’ असा निर्वाळा दिला. तेव्हा हेल्स यांनी संपूर्ण सिद्धता पायरीपायरीने यंत्राकडून तपासून घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तो २०१४ मध्ये पूर्ण झाला. चार रंगांच्या प्रमेयाचीही अशी तपासणी जॉर्ज गॉन्तिए यांनी २००५ मध्ये पुरी केली होती.

इथे मीमांसक आणि नैयायिक यांच्या जुन्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मीमांसकांच्या मते प्रामाण्य स्वतः असते : ज्ञान झाले की ते खरे म्हणूनच होते आणि बाधक पुरावा येईपर्यंत खरेच राहते. नैयायिकांच्या मते ते परतः, म्हणजे बाहेरून ठरते. दूरवर पाणी दिसले. जवळ जाऊन तहान भागली तर ते ज्ञान प्रमाण, नाहीतर मृगजळ. यावर मीमांसकांचा प्रतिप्रश्न असा, की प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागत असेल तर दाखल्यालाही दाखला लागेल आणि अनवस्था ओढवेल. नैयायिकांचे उत्तर व्यवहारी आहे : संशय असेल तिथवरच पडताळणी करायची, जिथे संशयाला जागा नाही तिथे थांबायचे.

सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामलाही हीच अडचण आहे, कारण त्यात चूक नाही हे कोण तपासणार? निकोलास डी ब्रॉइन यांच्या १९६० च्या दशकात सुरू झालेल्या ऑटोमॅथ प्रकल्पातून पुढे आलेला तोडगा नैयायिकांच्या उत्तराच्या जवळचा आहे. सिद्धता शोधणारी यंत्रणा कितीही अवाढव्य असो. तिने दिलेली प्रत्येक पायरी एका छोट्या गाभ्याकडून तपासून घ्यायची. तो गाभा इतका आटोपशीर ठेवायचा, की जाणत्या माणसाला तो स्वतः वाचून पाहता यावा. यात विश्वासाची गरज संपत नाही; तो कुठे ठेवला आहे ते दिसते.

यंत्राने दिलेला होकार कोणत्या प्रमाणात मोडतो, हा प्रश्न मात्र अवघड आहे. नैयायिकांच्या मते शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो अशा माणसाचा. यंत्राला इच्छा नाही, म्हणून त्याचा होकार आप्तवाक्य ठरत नाही. त्याला अनुमानाच्या सदरात घालावे लागते : अशा घडणीचा गाभा ‘बरोबर’ म्हणतो तेव्हा पायऱ्या नियमांना धरून असतात, ही त्यातली व्याप्ती. मग या व्याप्तीला कोणत्या अटी चिकटलेल्या आहेत, हे विचारणे ओघानेच येते. न्यायात अशा अटीला उपाधी म्हणतात. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही व्याप्ती सदोष आहे, कारण धूर निघतो तो सरपण ओले असेल तरच. ओले सरपण ही इथली उपाधी.

चांगली सिद्धता आपल्या उपाधी लपवत नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सेल-फोर या कार्यप्रणालीच्या गाभ्याची सिद्धता प्रसिद्ध केली. सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींसाठी सिद्धतेच्या सुमारे दोन लाख ओळी लिहाव्या लागल्या. त्याबरोबरच काय गृहीत धरले आहे, हेही त्यांनी नोंदवले : सी भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कम्पायलर बरोबर आहे, हाताने लिहिलेला यंत्रभाषेजवळचा भाग बरोबर आहे, यंत्राचे सुटे भाग ठरल्याप्रमाणे चालतात. गृहीतांची ही यादी म्हणजेच ओल्या सरपणाची नोंद. पुढच्या संशोधनाने त्यांतील काही गृहीतेही सिद्धतेच्या कक्षेत आणली. यंत्राच्या सुट्या भागांविषयीचे गृहीत मात्र अनुभवावरच सोडावे लागते.

अशा रीतीने संगणकाविषयीच्या सिद्धतेचे प्रामाण्य तीन ठिकाणी तपासावे लागते. पायऱ्या नियमांना धरून आहेत काय, हे छोटा गाभा पाहतो आणि इथे यंत्र माणसापेक्षा विश्वासार्ह आहे. ज्या मॉडेलविषयी सिद्धता दिली ते प्रत्यक्ष यंत्राला लागू पडते काय, हे प्रयोग आणि वापर यांनीच कळते. जे सिद्ध केले तेच हवे होते काय, हे ठरवायला मात्र कोणतीही रीत नाही. ते काम आपल्याला काय हवे आहे ते नेमके सांगू शकणाऱ्या माणसाचे. लिक्सने स्वतःच्या निबंधांसाठीही बाहेरचा दाखला मागण्याची प्रथा ठेवली आहे. २००६ पासून ती काळाच्या कसोटीला उतरलेल्या निबंधांना पुरस्कार देते आणि निवड होते ती वीस वर्षांपूर्वीच्या बैठकीतून. निबंध स्वीकारताना त्यातील सिद्धता परीक्षक तपासतात. तिचा उपयोग काय झाला हे पाहायला वीस वर्षे दिली जातात.