गुहेची खिडकी उघडी ठेवा

बंगळुरूला आलेली मंडळी लालबाग पाहायला जातात. काचघर पाहतात, फुलांच्या ताटव्यांपाशी फोटो काढतात, दमले की टेकडीच्या खडकावर बसून पाणी पितात. आपण कशावर बसलो आहोत, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते.

हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे! भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. माणूस पृथ्वीवर आला त्याला जेमतेम ३ लाख वर्षे झाली. केंपेगौडांनी १५३७ मध्ये हे शहर वसवले. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १७६० मध्ये हैदर अलीने या बागेची सुरुवात केली. प्रत्येकाला हे शहर आपले वाटले. ते सगळे गेले, खडक तिथेच आहे.

आता तुमची एखादी चिंता या खडकावर ठेवून पाहा. ऑफिसात कोणीतरी काहीतरी बोलले, एखाद्या नातेवाईकाने लग्नात विचारले नाही. केवढी दिसते ती? सगळ्याच चिंता क्षुल्लक असतात असे नाही. घरात कोणी आजारी असेल, तर धावपळ करावीच लागते. ती जरूर करा. पण मनाचे सगळे आकाश त्या चिंतेला देऊन टाकू नका.

हे झाले खडकाचे बाहेरचे रूप. आतले रूप पाहायचे असेल, तर लालबागेपासून जवळच असलेल्या गवीपुरमला जा. कन्नडमध्ये ‘गवी’ म्हणजे गुहा. तिथे खडकातल्या गुहेत गवी गंगाधरेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. आत अंधार असतो, मान वाकवूनच प्रदक्षिणा घालावी लागते. मकर संक्रांतीला संध्याकाळी मावळत्या सूर्याचे किरण खिडकीतून आत येतात, नंदीच्या दोन शिंगांमधून पुढे सरकतात आणि शिवलिंग उजळून निघते. थोडाच वेळ. पण तेवढ्यासाठी हजारो लोक गर्दी करतात.

साधक नेहमी एक प्रश्न विचारतात, ‘इतकी वर्षे ध्यानाला बसतो आहे, पण काहीच घडत नाही. मग बसायचे कशाला?’

या गुहेकडे पाहा. ज्यांनी ही रचना केली, त्यांनी सूर्याला ओढून आणले का? ते कोणालाच शक्य नाही. त्यांनी दिशा ओळखली, तिकडे खिडकी ठेवली आणि वाटेत काही आडवे येऊ दिले नाही. नंदीसुद्धा असा बसवला की किरण त्याच्या शिंगांमधून जावा. एवढेच त्यांच्या हातात होते आणि तेवढे त्यांनी चोख केले. पुढचे काम सूर्याचे.

साधना म्हणजे हेच. अनुभव आणणे तुमचे काम नाही. रोज ठरल्या वेळी बसणे, हे तुमचे काम. आणि वाटेत काय आडवे येते, ते पाहणे. कधी जुना राग असतो, कधी ‘मला अजून काहीच कसे मिळाले नाही’ ही घाई असते. ती घाईदेखील किरण अडवते, बरं का!

एखाद्या संक्रांतीला आकाशात ढग येतात आणि किरण पोहोचत नाही. म्हणून कोणी ती खिडकी विटांनी बुजवून टाकतो का? दुसऱ्या दिवशी पुजारी येतात, समई लावतात, अभिषेक होतो. मन कोरडे पडले की आपण मात्र लगेच साधना सोडतो. खरे तर त्याच दिवसांत ती सांभाळायची असते.

आणि किरण पडतो त्याच दिवशी देव गुहेत येतो, असे थोडेच आहे? तो अंधारातही तिथेच असतो. त्या संध्याकाळी फक्त तो उजेडात दिसतो. तुमच्या आतही तसेच आहे.

पुढच्या वेळी लालबागेत गेलात, तर फोन पिशवीत ठेवा आणि वीस मिनिटे त्या खडकावर डोळे मिटून बसा. काय घडले, याचा हिशेब करू नका. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसा.