पाहणारा काहीच करत नाही?

सांख्य तत्त्वज्ञानातला पुरुष, म्हणजे चैतन्य, नुसता पाहतो. जे काही करायचं ते प्रकृती करते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नर्तकीचा दृष्टांत आहे. प्रेक्षकांना नृत्य दाखवून झालं की नर्तकी थांबते, तशी पुरुषाने पाहिल्यावर प्रकृतीही निवृत्त होते. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकताना हा दृष्टांत मला फार आवडायचा. पुढे मराठी बातम्यांच्या पीसीआरमध्ये बसू लागले आणि तो पटेनासा झाला.

पीसीआर म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूम. समोर भिंतभर मॉनिटर. एकावर प्रोग्रॅम, म्हणजे या घडीला घराघरात दिसतंय ते, शेजारी प्रिव्ह्यू, बाकीच्यांवर स्टुडिओचे कॅमेरे आणि घटनास्थळावरच्या ओबी व्हॅनचे फीड. मी ‘टू स्टँडबाय, टेक टू’ म्हणते, स्विचरवरचा मुलगा बटण दाबतो आणि राज्यभर चित्र बदलतं. निवेदिकेच्या कानात माझा आवाज असतो. प्रेक्षकाला मी कधीच दिसत नाही. साक्षी म्हणावं अशीच ही जागा.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसं गेली. पावसात चिखल उपसणं चाललं होतं. एका फीडवर एनडीआरएफचे जवान आणि पोकलेन. दुसऱ्यावर एक बाई, ढिगाऱ्याकडे तोंड करून उकिडवी बसलेली, मांडीवर स्टीलचा डबा. पोकलेन थांबलं की ती उठायची, पुन्हा बसायची. कॅमेरा तिच्यावर झूम होऊ लागला. न्यूजरूममधून आवाज आला, ‘तिच्यावर जा, तिच्यावर जा!’ तेवढ्यात तिची नजर कॅमेऱ्याकडे गेली आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला. मी ओबीला सांगितलं, ‘दादा, वाइड करा. तिला सोडा.’

आमचं पाहणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती बदलली ती आम्ही पाहिलं म्हणून. मग ‘आम्ही फक्त दाखवतो’ हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं वाक्य मी कसं मानू? मुंबईवरच्या 26/11 च्या हल्ल्यात नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो वाहिन्यांनी थेट दाखवले. हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणारे सीमेपलीकडे टीव्ही लावूनच बसले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या हल्लेखोरांपैकी कसाबच्या खटल्याच्या 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले.

वेदान्ती म्हणेल, बाई, निवड करते ती बुद्धी. साक्षी तिच्याही मागे, अलिप्त. मोक्षाच्या वाटेवर ते खरं असेल. पण पीसीआरमध्ये त्या अलिप्तपणाचा आडोसा घ्यायला मी तयार नाही. मला गीतेचा तेरावा अध्याय जवळचा वाटतो. तिथला देहातला पुरुष जवळून पाहणारा आहे, तसाच अनुमती देणाराही आहे. ‘टेक’ ही माझी अनुमतीच असते.

नवी मुलं विचारतात, मग न दाखवणंही कर्मच ना? हो, तेही. माळीणच्या त्या बाईचा चेहरा लोकांनी पाहिला असता तर मदतीचे हात वाढले असते, असं म्हणणारे सहकारी मला भेटले, आणि त्यांची तळमळ खोटी नव्हती. त्यांना गप्प करील असं उत्तर माझ्याकडे नाही. पण त्या बाईने पदर ओढून आपलं म्हणणं सांगितलं होतं, आणि माझ्या लेखी ते त्यांच्या म्हणण्याच्या आधी येतं.