कागदावरच्या माणसांचा निवाडा

कादंबरी वाचणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय, असा प्रश्न एके काळी आपल्या पुष्कळ घरांतून गंभीरपणे विचारला जात असे. आता तो कोणी विचारीत नाही, आणि त्याबद्दल खेद करण्याचेही कारण नाही. परंतु त्या जुन्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला होता. तो मात्र अद्याप सुटलेला नाही. कादंबरीतल्या माणसांविषयी आपण बोलतो, त्यांना हसतो, नावे ठेवतो. त्या बोलण्याचा आपल्या अंतःकरणावर कोणता संस्कार होतो? जी माणसे कधी जन्मालाच आली नाहीत, त्यांची निंदा ही निंदा ठरते काय?

हा प्रश्न माझ्यापुढे चंडीगढमध्ये उभा राहिला. फाळणीत लाहोर गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली, म्हणून हे शहर मोकळ्या जमिनीवर आखून वसविण्यात आले. साहजिकच येथे ज्याचे त्याचे मूळ गाव निराळे असते आणि मैत्री नात्यागोत्यापेक्षा आवडीनिवडीवर जुळते. आमची मित्रमंडळीही अशीच आहे: इंग्रजीचे एक निवृत्त प्राध्यापक, एक केरळी पाळक, ग्रंथालयात आयुष्य घालवलेले एक सरदारजी आणि मराठी बायबलच्या भाषांतराचे काम करणारा मी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी कादंबऱ्या हा आमचा समाईक छंद. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) या कादंबरीत कॅसॉबन नावाचा एक पंडित आहे. जगातील सर्व पुराणकथांची गुरुकिल्ली ठरेल असा ग्रंथ लिहिण्याच्या नादात तो आयुष्य वेचतो. टिपणांच्या वह्या वाढत जातात, ग्रंथ काही होत नाही. एकाच क्रियापदापाशी मी आठवडाभर अडून बसलो आहे असे कळले की प्राध्यापक हमखास विचारतात, “आमचे कॅसॉबन कुठवर आले?” मीही त्यांच्या अप्रकाशित प्रबंधाची चौकशी करून फेड करतो.

एकदा असाच हशा चालू असता सरदारजी शांतपणे म्हणाले, “दुसऱ्याचे दोष काढू नका, असे तुमच्या प्रभूने सांगितले आहे ना? मग दर आठवड्याला या बिचाऱ्यांना फैलावर का घेता?” पाळकसाहेब हसले, पण तयार उत्तर कोणापाशीच नव्हते.

पहिले सुचते ते उत्तर असे की, ही माणसे कागदावरची आहेत. त्यांना काही लागत नाही. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. तलवारीचा सराव गवताच्या भाऱ्यावर केला तरी हात तयार होतो तो माणसावर चालण्यासाठीच. याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेविषयी जो इशारा दिला आहे, तो ऐकणाऱ्याच्या जखमेपुरता नाही. बोलणाऱ्याच्या सबंध शरीराला ती कशी बिघडवते, याविषयी तो बोलतो. तेव्हा कॅसॉबनला इजा होत नाही एवढ्याने आपली सुटका होत नाही.

दुसरे उत्तर शब्दाशी निगडित आहे. मत्तय ७:१ मध्ये जे ग्रीक क्रियापद आहे, ते ‘क्रिनो’. निवड करणे, पारखणे, निर्णय करणे, न्याय करणे आणि दोषी ठरविणे, एवढा त्याच्या अर्थाचा पल्ला आहे. मराठीत या सर्वांना मिळून एक शब्द नाही. भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहून निवडावे लागते. आपल्या परिचयाच्या मराठी बायबलात येथे ‘दोष काढणे’ असा प्रयोग आहे, आणि तो मार्मिक आहे. कारण पुढच्याच ओळींत कुसळ आणि मुसळ यांचा दृष्टान्त येतो. परंतु योहान ७:२४ मध्ये तेच क्रियापद वापरून प्रभू यथार्थ न्याय करण्यास सांगतो. म्हणजे प्रभूने विवेकाला बंदी केलेली नाही. स्वतःला वगळून केलेल्या निवाड्याला केली आहे. भल्याबुऱ्याची पारख सोडणे म्हणजे दयाळूपणा नव्हे; तो आळस होय.

मग स्वतःला न वगळता निवाडा करावा कसा? याचे सर्वांत जुने आणि सर्वांत धारदार उदाहरण २ शमुवेल १२ मध्ये आहे. उरीयाचा घात करून दावीद निर्धास्त बसला होता. नाथान त्याच्याकडे गेला तो आरोपपत्र घेऊन गेला नाही; एक गोष्ट घेऊन गेला. एका गरिबाची एकुलती एक मेंढी एका श्रीमंताने कापली, एवढीच ती गोष्ट. दावीद संतापला आणि त्या माणसाला मरणदंड सांगून मोकळा झाला. वस्तुतः तो श्रीमंत कोठे नव्हताच. तो नाथानाने कल्पिलेला होता. पण दावीदाचा निवाडा खरा होता, किंबहुना त्याच्या आयुष्यातील त्या काळातला तो एकच खरा निवाडा होता. स्वतःविषयी जे त्याला दिसत नव्हते, ते कल्पित माणसाच्या ठायी त्याला तत्काळ दिसले. मग नाथानाने तो निवाडा फक्त योग्य पत्त्यावर पोहोचविला.

कल्पित कथेचे सामर्थ्य हेच आहे, आणि तिचा धोकाही हाच. कथा ऐकताना आपली ढाल खाली असते. परंतु कादंबरी मिटल्यावर शेजारी नाथान उभा नसेल तर आपण दावीदासारखेच संतापून, श्रीमंताला फाशी देऊन, समाधानाने झोपी जातो.

जॉर्ज एलियट हिला हे पक्के ठाऊक होते. तिचे खरे नाव मेरी ॲन इव्हान्स. तीही भाषांतरकार होती. तरुणपणी तिचा विश्वास ढळला, आणि १८४६ साली डेव्हिड स्ट्राउस याच्या ‘येशूचे चरित्र’ या जर्मन ग्रंथाचे तिने केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. वधस्तंभाच्या वृत्तान्ताची ती चिरफाड शब्दाशब्दाने इंग्रजीत उतरवताना ती आजारल्यासारखी झाली, आणि समोर ठेवलेल्या ख्रिस्ताच्या लहानशा मूर्तीकडे पाहून काम रेटीत राहिली, असे तिच्या मैत्रिणीने लिहून ठेवले आहे. तिचे निष्कर्ष आपल्याला मान्य नाहीत. पण कॅसॉबनला ती कशी वागविते, हे पाहण्यासारखे आहे. अठ्ठावीस प्रकरणे त्याच्या तरुण पत्नीच्या, डोरोथियाच्या, डोळ्यांनी आपण त्याच्याकडे पाहतो आणि हसतो. एकोणतिसाव्या प्रकरणाच्या आरंभी लेखिका आपलेच वाक्य अर्ध्यावर मोडते आणि विचारते की, नेहमी तिचीच बाजू का? मग त्या शुष्क पंडिताची भीती, त्याचा एकाकीपणा ती उलगडून दाखवते. कॅसॉबन कोणावरून रंगविला, असे तिला एकदा विचारण्यात आले, तेव्हा तिने थट्टेच्या गांभीर्याने स्वतःच्या हृदयाकडे बोट दाखविले. तेथे नाथान आणि दावीद एकाच व्यक्तीत होते.

या कसोटीवर आपल्या वाङ्मयाकडेही पाहावे. १८५७ साली अँथनी ट्रोलोपची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बिशपच्या घरातील सत्तास्पर्धा आणि स्लोप नावाचा महत्त्वाकांक्षी चॅपलिन यांना तीत मनमुराद हसलेले आहे. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले आणि मराठी कादंबरीचा आरंभ झाला. तेथे हसू नाही. हिंदू विधवांच्या यातना पाहून डोळ्यांत येणारे पाणी आहे. दोन्ही ग्रंथ आवश्यक होते. तरी दोहोंच्या वाचकापुढे मोह एकच असतो: पाप दुसऱ्याच्या घरातले आहे, असे मानण्याचा. ‘ब्लीक हाउस’मधील मिसेस जेलिबी आफ्रिकेच्या कल्याणासाठी रात्रंदिवस पत्रे लिहिते आणि तिची स्वतःची मुले जिन्यावरून गडगडत असतात. डिकन्सच्या या चित्राला हसताना आपल्या समित्या, आपले अहवाल आणि आपली मुले डोळ्यांपुढे आली नाहीत, तर ते हसणे फुकट गेले. त्याचप्रमाणे यमुनेसाठी रडणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने आपल्या मंडळीतील विधवेची चौकशी केली नाही, तर ते रडणेही फुकट गेले.

अहमदनगरला १८६२ साली जन्मलेल्या कृपाबाई सत्तियनाधन (माहेरच्या खिस्ती) यांना हे साधले होते. थोरल्या भावाने, भास्करने, त्यांना शिकवले, वाचनाची गोडी लावली. ‘सगुणा’ या इंग्रजी आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी ब्राह्मण घरातील स्त्रीची कोंडी जितक्या स्पष्टपणे दाखविली, तितक्याच स्पष्टपणे मिशनरींचा वरचढपणाही दाखविला. १८९४ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या वारल्या. पण त्यांच्या लेखणीने कोणतेही एक घर निर्दोष म्हणून वगळले नाही.

येथे कोणी म्हणेल की, सर्वांकडेच सहानुभूतीने पाहायचे, तर वाईटाला वाईट म्हणायचे कधी? शंका रास्त आहे. ‘मिडलमार्च’मध्येच बुलस्ट्रोड नावाचा धर्मनिष्ठ म्हणविणारा सावकार आहे. त्याची संपत्ती पापाची. ते पाप झाकण्यासाठी एका माणसाच्या मृत्यूतही त्याचा हात आहे. एलियट त्याला सोडीत नाही, गावापुढे उघडा पाडते. पण मग त्याच्या पत्नीला, हॅरिएटला, हे समजते. ती खोलीचे दार लावून घेते, पुष्कळ रडते. मग अंगावरचे सर्व दागिने उतरविते, साधा काळा पोशाख घालते आणि खाली येऊन मान घालून बसलेल्या नवऱ्याजवळ बसते. तो निर्दोष आहे असे ती म्हणत नाही, आणि तोही म्हणत नाही. दोघे मिळून रडतात.

मराठी वाचकाला या प्रसंगाचा अर्थ अधिक खोल कळावा. आपल्याकडे विधवेचे दागिने समाज उतरवीत असे. बाबा पदमनजींनी त्याच दुःखाला वाचा फोडली. येथे एक सधवा, नवऱ्याची नाचक्की स्वतःची मानून, आपण होऊन दागिने उतरविते. तिने निवाडा टाळलेला नाही, आणि निवाडा करून ती दूरही उभी राहिली नाही. पापाला पाप म्हणावे आणि पाप्याच्या शेजारी बसावे, या दोन गोष्टी एकत्र कशा होतात, हे वधस्तंभापाशी आपण शिकलो आहोत. पण ते बैठकीत, मंडळीत, घरात आचरणे अवघड जाते.

म्हणून, वाचकहो, मित्रांच्या बैठकीत विनोद जरूर असावा. कोरड्या सज्जनपणापेक्षा मोकळे हसणे बरे. मात्र ज्याला हसलो त्याच्या शेजारची जागा आपण रिकामी ठेवली आहे काय, हे तपासावे. कागदावरच्या माणसाजवळ बसण्याची सवय लागली, तर एखाद्या रविवारी उपासना संपल्यावर, ज्याच्याशी कोणी बोलत नाही अशा हाडामांसाच्या भावाजवळ जाऊन बसणे आपल्याला थोडे सोपे जाईल.