तनयची पानं, अनुजाची पानं

पुस्तक हातात घ्या, पण लगेच उघडू नका. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. मौजेने २००६ साली काढलेली, छोटीशीच कादंबरी. २०२२चा सिनेमा पाहिला असेल, तर ते चेहरे आणि ते केरळ जरा बाजूला सारा. आपल्याला पुण्यातल्या जोशींच्या घरात जायचंय.

आधी आठवा, पहिल्या वाचनात तुम्ही कुणाच्या बाजूचे होतात? मी सगळीच्या सगळी तनयची होते. अनुजाचा राग आला होता. पेइंग गेस्ट म्हणून येऊन दोघा भावंडांना वेड लावणाऱ्या त्या मुलाचा तर फारच.

तो राग आता कितपत उरलाय, ते बघा. घाई नाही.

मग पहिला भाग सावकाश वाचा, ओठ हलवत. तनय निघून गेलेल्या माणसाशी बोलतोय, त्याला ‘तू’ म्हणत. समोर कुणी नाही, तरी बोलणं थांबत नाही. अनुजा त्या मुलाबरोबर निघून गेली म्हणून घर हादरलंय. तिच्याबद्दल रडता येतं, चिडता येतं, लोकांपासून लपवता येतं. तनयचंही तेच माणूस गेलंय, आणि त्याला मात्र जेवायच्या वेळी जेवायला बसावं लागतं.

इथे पुस्तक मांडीवर ठेवा. श्वास संथ होऊ द्या. तुमच्या घरात असं कुणी होतं का, ज्याला आपल्या रडण्याचं कारण सांगायची सोय नव्हती? कुणी आठवलं, तर मनाने त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. काही विचारू नका.

आता अनुजाची डायरी. पूर्वी हा भाग मी भरभर संपवला होता. तनयचं दुःख डोक्यात घेऊन वाचत होते, तिला जागाच दिली नव्हती. या खेपेला तिच्यापाशीच जास्त रेंगाळले. तीही टाकून दिली गेली आहे. घरी परतलेल्या मुलीकडे सगळे कसे बघतात, ते ती सोसते आहे. तिच्या पानांत तनय जिथे जिथे येतो, तिथे बोट ठेवून थांबा. तो कडेने येतो आणि जातो, जशी त्याच्या पानांत ती. एका छपराखाली, एकाच माणसापायी पोळलेली ही दोघं. मला आता सर्वांत जास्त वाईट याचं वाटतं.

त्या मुलाला माफ करा, असं मी म्हणणार नाही. दोघांनाही सोडून जाणं तेव्हा वाईट होतं, आजही वाईटच आहे. फक्त पुस्तक मिटण्याआधी त्याचं नाव शोधून बघा. दोघांनी त्याच्याबद्दल इतकं लिहिलंय, पण नाव कुठेच नाही.