थप्पड : नावे की जमा?

आमच्या घरी हात उगारण्याचा अधिकार फक्त वडिलांना होता. ते माजलगावात प्राथमिक शाळेचे गुरुजी. शाळेत वर्गातली पोरं, घरी मी, आणि १९८७ पासून टी.व्ही., एवढा त्यांच्या उजव्या हाताचा कार्यभार होता.

त्या वर्षीच्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं आणि दोनच महिन्यांत, पतपेढीचं कर्ज काढून, आमच्याकडं वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट टी.व्ही. आला. चार पाय, सरकतं लाकडी शटर, शटरला कुलूप आणि किल्ली वडिलांच्या खिशात. माझं वय सात. रविवारी सकाळी बैठकीत चाळीसेक माणसं, पुढं उदबत्ती, वर माळवदावर लोखंडी पाइप, पाइपावर अँटेना आणि अँटेनाखाली मी. "आलं का?" असं मी वरून ओरडायचं आणि "मुंग्या आल्या!" असं खालून उत्तर यायचं. अर्धं रामायण मी असं नुसतं ऐकलेलं आहे.

चित्राच्या तऱ्हा अनेक होत्या. कधी ते खालून वर धावत सुटे. मग रामाचे पाय वर आणि मुकुट खाली. आजी म्हणायची, "बरं झालं, पाय आधी दिसले," आणि हात जोडायची. मागची बारकी खुंटी पिळली की राम सरळ उभा राही. त्याला व्हर्टिकल होल्ड म्हणतात हे पुढं कळलं. पण एका रविवारी खुंटीच्या हाताबाहेरचं घडलं. सगळं चित्र मिटलं आणि पडद्याच्या मधोमध एक पांढरीशुभ्र आडवी रेघ तेवढी उरली. राम, लक्ष्मण आणि अख्खी वानरसेना त्या एका रेघेत दाटीवाटीनं बसली होती. आवाज मात्र खणखणीत.

वडील उठले आणि त्यांनी टी.व्ही.च्या डाव्या कानशिलावर एक ठेवून दिली. रेघ फाकली, चित्र आलं. बायकांनी वडिलांकडं अशा नजरेनं पाहिलं, की ती उदबत्ती आता कुणाला ओवाळावी असा प्रश्न पडावा.

पुढच्या रविवारी दोन लागल्या. नंतर चार. श्रावणापर्यंत सातावर गेलो. कॅबिनेटच्या त्या जागेवरचं पॉलिश उडालं.

शेवटी मामूंना बोलावलं. रेडिओ-टी.व्ही. दुरुस्त करणारे हे गृहस्थ सायकलला पिशवी लावून आठवड्यातून एकदा येत. त्यांनी सेटला हात लावण्याआधी डॉक्टरसारखी चौकशी केली. आवाज येतो का? रेघ आडवी की उभी? तापल्यावर जाते की सुरुवातीपासून? मग बटण बंद करून, पाठ उघडून आम्हां पोरांना लांब बसवलं, कारण टी.व्ही. बंद केला तरी पिक्चर ट्यूबच्या पोटात हजारो व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते त्यांनी वायर बांधलेल्या स्क्रू-ड्रायव्हरनं आधी बाहेर काढले.

मामूंनी मग सांगितलं, की पडद्यावर चित्र असं काही नसतंच. उजेडाचा एकच ठिपका असतो. तो आडवा पळत रेघा मारतो. ६२५ रेघांचं एक चित्र, आणि अशी सेकंदाला २५ चित्रं. ठिपक्याला आडवं ओढणारी मंडळी वेगळी आणि वरून खाली नेणारी वेगळी. वरून खाली नेणारी बसली, की सगळ्या रेघा एकीवर एक पडतात आणि एकच दिसते. आवाज स्वच्छ आहे, म्हणजे अँटेनाचा काही गुन्हा नाही. म्हणजे मी इतके रविवार माळवदावर उगीच तापलो होतो.

मग पुन्हा बटण लावून स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं ते आतल्या पट्टीवर इथं टक, तिथं टक करू लागले. एका ठिकाणी टक केल्याबरोबर रेघ लवलवून उघडली. "सापडलं," मामू म्हणाले. सेट रोज तापतो, रोज थंड होतो. त्यानं एका पायाभोवतीच्या कथलाच्या टाक्याला केसाएवढी गोल चीर गेली होती. ड्राय सोल्डर. "गुरुजी, तुमच्या थपडीनं ते चिकटत नव्हतं, नुसतं टेकत होतं. अन् दर टोल्याला चीर वाढत होती."

वडिलांना ते लागलं. म्हणाले, "मामू, आत्ता तुम्हीपण मारलंच की."

"मी मारत नव्हतो, गुरुजी. विचारत होतो."

हा संवाद त्या वेळी माझ्या डोक्यावरून गेला. पुढं मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि नावे-जमेच्या धंद्यात हा प्रश्न पुन्हा समोर आला. थपडेनं टी.व्ही. सुरू होतो, ही झाली जमा बाजू. चाळीस माणसांनी ती पाहिली. पण दुहेरी नोंदीच्या नियमानं कुठंतरी नावेही पडलंच पाहिजे, आणि ते पडत होतं आत, अंधारात, त्या चिरेच्या खात्यावर. माझं तर मत असं, की पहिल्या रविवारी थप्पड फुकट गेली असती तर बरं झालं असतं. मामू त्याच आठवड्यात आले असते. लागू पडली म्हणून घोटाळा झाला.

अर्थात वडिलांना नावं ठेवणं सोपं आहे. चाळीस माणसं ताटकळलेली, रावण दाराशी आलेला आणि मामू गुरुवारी येणार, अशा वेळी कारण शोधत कोण बसेल? आम्हीही संध्याकाळी दहावीस रुपयांचा फरक सापडला नाही, की तो सस्पेन्स खात्यात टाकतो आणि शेवटची बस पकडतो. पासबुक छापायचं यंत्र अडलं की त्याच्या पाठीत बुक्की घालणाऱ्यांत मी अग्रेसर आहे. यंत्राचं मला फारसं वाईट वाटत नाही. ते घरी जाऊन रडत नाही.

चिरंजीव सहावीत गेले आणि गणिताची वही लाल झाली. रीत बरोबर, आकडे चूक. फळ्यावरच्या ८ चा ३, ६ चा शून्य. बँकवाल्याच्या पोटी हे! मी पाठीत एक धपाटा घातला. काय सांगू, दुसऱ्या आठवड्यापासून वही स्वच्छ. शाखेत मी चहाबरोबर हे चार जणांना ऐकवलं. "एकच दिला, सुतासारखा सरळ!" एकानं तर घरी जाऊन प्रयोग करतो म्हणून सांगितलं. त्याच्या पोराची मी इथं माफी मागतो.

दिवाळीनंतर बाईंनी वर्गातल्या जागा बदलल्या आणि वही पुन्हा लाल. मग शाळेत डोळे तपासणारे आले. दोन्ही डोळ्यांना उणे दोन. पोराला फळाच नीट दिसत नव्हता. मधले तीन महिने ते शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवत होतं, आणि मोबदल्यात डब्यातला लाडू देत होतं.

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठं, पप्पा?" तो म्हणाला. आवाजात तक्रारसुद्धा नव्हती.

हे सगळं मी वडिलांना सांगितलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मागच्या बाकावर एक पोरगं होतं. त्याला वाचताच यायचं नाही. मी..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते पोरगं कोण हे मीही विचारलं नाही. शाळेत मागच्या बाकावर मीसुद्धा बसत असे.

तो जुना टी.व्ही. कधीच भंगारात गेला. असल्या अँटेनांना चित्र पुरवणारं दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपणही अलीकडच्या वर्षांत देशात बहुतेक ठिकाणी बंद झालं. वडिलांच्या खोलीत आता भिंतीवरचा चपटा सेट आहे आणि खाली काळी डबी. परवा ऐन बातम्यांत चित्र गेलं. वडील काठी टेकत उठले. उजवा हात वर गेला, मी पाहत होतो. तो डबीपर्यंत येऊन थबकला. मग त्यांनी बोटाच्या पेरानं डबीवर दोनदा टक टक केलं आणि वाकून विचारलं, "काय रे, काय होतंय?"

रिचार्ज संपला होता. तो भरायचं काम माझ्याकडं आहे.