सोडलेल्या जिवाचं पुण्य

जून 2015 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळ काही बौद्ध उपासकांनी विकत आणलेले शेकडो जिवंत लॉबस्टर आणि खेकडे समुद्रात सोडले. स्वयंपाकघरात मरणारा जीव सोडवणं हे चिनी बौद्ध परंपरेत मोठं पुण्यकर्म मानतात. ‘फांगशेंग’ म्हणतात त्याला.

पण हे लॉबस्टर होते अमेरिकेचे. त्यांच्यासोबत गॅफकेमिया हा जीवघेणा रोग येऊ शकतो, शिवाय युरोपीय लॉबस्टरशी त्यांचा संकर होतो. 2017 मध्ये न्यायालयाने त्या उपासकांपैकी दोघांवर मिळून सुमारे 15 हजार पौंडांचा भुर्दंड बसवला.

त्या उपासकांच्या मनात पाप नव्हतं. बौद्ध विचारात कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. मग हेतू निर्मळ असला की भागलं? भागत नाही. महायान पंथ करुणेशेजारी प्रज्ञेला बसवतो, ते उगाच नव्हे. टोपलीतला जीव डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची दया येते. समुद्राच्या तळाशी कपारीत राहणारा दिसत नाही, म्हणून तो हिशेबातूनच सुटतो.

लाल कानाच्या कासवाचं उदाहरण तर घराघरातलं आहे. मूळ मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानातलं पिल्लू नाण्याएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. पुढे ते ताटलीएवढं होतं, टाकीचं पाणी रोज घाण करतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. कंटाळलेलं कुटुंब ते हळूच तळ्यात सोडतं, आणि आपण त्याला मोकळं केलं असं मुलांना सांगतं. तळ्यात मात्र ऊन खायच्या दगडावरून ते देशी कासवांना हुसकावतं, त्यांचं अन्नही पळवतं. जगभरात असंच घडलं. स्पेनच्या वॅलेन्सिया भागातल्या पाणथळ जागांतून अशी हजारो कासवं पकडून काढावी लागली.

खरा पेच इथे आहे. असे जीव फोफावले की कोणीतरी सरकारी कर्मचारी ते पकडतो, बहुतेकदा मारतो. म्हणजे हिंसा टळलीच नाही, ती दुसऱ्याच्या माथी गेली. पुण्य एकाने घ्यायचं आणि हात दुसऱ्याने रंगवायचे, याला अहिंसा म्हणता येणार नाही.

तैवानमध्ये भिक्खुणी चाओ-ह्वेइ यांनी स्थापन केलेल्या संघटनेने फांगशेंगच्या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. विरोध धर्माच्या आतूनच झाला, हे मोलाचं.

घरातलं कासव सांभाळणं जमेना झालं, तर ते नदीत किंवा देवळाच्या तळ्यात सोडू नका. वन विभागाला किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवा, आणि दुसरं विकत आणू नका.