नियत, नियती आणि वजनकाटा

गेल्या वर्षी आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. मुलांची तपासणी आटोपल्यावर डॉक्टर बाईंनी आम्हा शिक्षकांनाही काट्यावर उभं केलं. माझं वजन 74 किलो भरलं. उंची पाच फूट एक इंच, वय छत्तीस, आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर बाई म्हणाल्या, "मॅडम, खाणं थोडं कमी करा, चालणं वाढवा. अजून वेळ गेलेली नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. फजरच्या नमाजनंतर एसटी स्टँडपर्यंत जाऊन यायचं, एकूण चार किलोमीटर. दोन्ही वेळच्या भाकऱ्या अर्ध्यावर आणल्या. चहातली साखर गेली, रात्रीचा भात गेला. अडीच महिने हे सगळं नेमाने केलं आणि मग काट्यावर उभी राहिले, तर 73 किलो 200 ग्रॅम. म्हणजे आठशे ग्रॅम कमी. आमच्या आठवडी बाजारात एवढ्या वजनाचा एक दुधी येतो.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक सर हसत म्हणाले, "टीचर, रात को फ्रिज खुलता होगा." सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना मात्र ते वाक्य टोचत राहिलं. कारण ती नुसती थट्टा नव्हती, तो निवाडा होता. वजन उतरत नाही, म्हणजे ही बाई एकतर खोटं बोलते, नाहीतर हिच्यात निर्धार नाही. तिसरी शक्यता कुणाच्या मनात आली नाही. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आली नव्हती. मीसुद्धा स्वतःलाच विचारत होते की माझं कुठे चुकतंय, मी कुठे कमी पडतेय.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. फळ दिसत नाही एवढ्यावरून प्रयत्न झालेच नाहीत, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आधी विज्ञानाकडे गेले. काटा नेमकं काय तोलतो? आपण समजतो की तो चरबी तोलतो. पण त्या तव्यावर आपल्याबरोबर आपली हाडं, स्नायू, रक्त, पोटातलं अन्न आणि या सगळ्याहून जास्त असं पाणी उभं असतं. शरीर स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा ठेवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. नव्याने व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू काही दिवस सुजतात आणि पाणी साठवतात. लोणचं-पापड जास्त झालं तर पाणी साठतं, बायकांच्या महिन्याच्या दिवसांतही साठतं. अशा कारणांनी एखादा-दुसरा किलो इकडचा तिकडे सहज होतो. मग आत चरबी अर्धा किलोने कमी झाली असली तरी काट्याला त्याचा पत्ता कसा लागावा?

शिवाय हिशेबच फार संथ आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. माझ्या वजनाच्या बाईने चार किलोमीटर चालून खर्च होतात साधारण 200. म्हणजे खाण्यात काहीच बदल न करता नुसतं चालायचं, तर एक किलो जायला पाच ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र आठव्या दिवशी काट्यावर चढून त्याच्याकडे जाब मागतो.

बी.एड.ला मूल्यमापन शिकताना आम्ही दोन शब्द पाठ केले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. एखादी कसोटी पुन्हा पुन्हा लावली आणि दरवेळी तेच उत्तर आलं, तर ती विश्वसनीय. पण जे मोजायचं आहे तेच ती मोजत असेल तरच ती सप्रमाण. परीक्षेत हे लिहून मी चांगले गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मात्र काट्यावर उभी राहिल्यावर कळला. काटा विश्वसनीय आहे, तो खोटं बोलत नाही. पण त्याला विचारलेला प्रश्न 'तुझं एकूण ओझं किती' एवढाच असतो. 'तू किती झटलीस' हे त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि तो त्याचं उत्तर देतही नाही. ते उत्तर आपण त्याच्या तोंडी घालतो.

हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. मर्व शहरात 1121च्या सुमारास अल-खाझिनी या विद्वानाने 'किताब मीजान अल-हिकमा' म्हणजे 'शहाणपणाच्या तराजूचा ग्रंथ' लिहिला. त्यात ज्या तराजूचं वर्णन आहे तो वस्तू हवेत तोलतो आणि पाण्यातही तोलतो. हवेत सारख्या वजनाचे भरलेले दोन तुकडे पाण्यात गेले की त्यांतला शुद्ध कोणता आणि भेसळीचा कोणता हे उघड होतं. आर्किमिडीजचं तत्त्व मी दरवर्षी फळ्यावर शिकवते, पण सारखं वजन म्हणजे सारखी वस्तू नव्हे, ही त्यातली शिकवण मी कधी माणसांना लावून पाहिली नव्हती. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी माणसांना पाण्यात बुडवून तोललं आणि शरीरात चरबी किती, बाकीचं किती, हे याच तत्त्वावर काढलं.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपली स्वतःचीच जोडी वाचकांपुढे ठेवली. उंची आणि वजनावरून काढला जाणारा निर्देशांक दोघांचाही अगदी एक, 22.3. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं 9.1 टक्के आणि याज्ञिकांचं 21.2 टक्के. आपल्याकडची माणसं बारीक दिसूनही आतून चरबी बाळगून असतात आणि म्हणून मधुमेह आपल्याला लवकर गाठतो, हे यातून लोकांना कळलं. म्हणजे काटा जसा झटणाऱ्यावर अन्याय करतो, तसा न झटणाऱ्याला खोटा दिलासाही देतो. बारीक माणसाला कुणी 'फ्रिज खुलता होगा' म्हणत नाही.

इथे थांबले असते तर मला बरं वाटलं असतं. दोष काट्याचा, मी निर्दोष. पण याच विषयावरचं आणखी एक संशोधन वाचनात आलं आणि माझी सुटका झाली नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी, आपण दिवसाला 1,200 कॅलरींपेक्षाही कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या दहा माणसांचं खाणं आणि शरीराचा खर्च काटेकोरपणे मोजला. त्यांच्या शरीरात काही बिघाड नव्हता. ती माणसं आपलं खाणं जवळजवळ निम्म्याने कमी सांगत होती आणि हालचाल निम्म्याने जास्त. ती लबाड होती असं मला वाटत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग मी आठ दिवस वही ठेवली आणि तोंडात गेलेलं सगळं लिहिलं. तेव्हा समजलं की भाकऱ्या मी मोजत होते, शेंगाची चटणी मोजत नव्हते. आमच्या सोलापूर भागात चटणीला कुणी अन्न समजतच नाही, ती पानात असतेच. पण दोन चमचे चटणी म्हणजे साधारण तीस ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे सुमारे 170 कॅलरी. सकाळचं चालणं जवळजवळ तिथेच फिटलं. त्यात भर कालवणाची चव बघताना घेतलेल्या घासांची आणि मुलांनी ताटात टाकलेल्या उरल्यासुरल्याची. अन्न टाकणं गुनाह आहे हे अम्मीने लहानपणी मनावर इतकं ठसवलं आहे की मुलाच्या ताटातली अर्धी पोळी मी उभ्या उभ्या खाते आणि ते जेवण होतं असं मला वाटतही नाही. चांगल्या सवयीच्या आडूनही हिशेब चुकतो, हे वहीने दाखवलं. एक घासाचा डबा मुलांना कमी वाढून सोडवता येतो, एवढी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

म्हणजे सरांचं अगदीच खोटं नव्हतं. आणि तरीही ते चूक होते. मी चोरून खात नव्हते, मी मोजत नव्हते. या दोन्हींत नियतीचा नाही, नियतचा फरक आहे.

हे दोन शब्द मी मुद्दाम शेजारी ठेवले. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारीने मराठीत लिहायला बसलं की असे शब्द पायात येतात. उर्दूतली नियत म्हणजे मनातला हेतू, जो पूर्ण माझ्या हातात आहे. मराठीतली नियती म्हणजे जे माझ्या हातात नाही ते. दोन शब्दांत एका वेलांटीचं अंतर. माणसाचं शरीर या वेलांटीच्या जागेवर उभं आहे.

किती उभं आहे, हे एका जुन्या प्रयोगातून कळतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या काही तरुणांनी सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून बंदूक धरायला नकार दिला होता. त्यांच्यापैकी 36 जण 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांच्या प्रयोगात स्वेच्छेने दाखल झाले. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं हे समजावं, म्हणून ते सहा महिने निम्म्या अन्नावर राहिले. त्यांचं वजन सुमारे पावपटीने उतरलं, पण हळूहळू उतरणं मंदावत गेलं. शरीराने आपला विश्रांतीतला खर्चच सुमारे 40 टक्क्यांनी कमी केला होता. घरात कमाई घटली की शहाणी बाई दिवे मालवते, तसंच. पायांवर सूज येऊन पाणी साठलं, त्यामुळे गेलेलं वजन काट्यावर पूर्ण दिसेनाही. ज्यांनी सरकारपुढे आपला विवेक सोडला नाही अशा त्या तरुणांतल्या काहींकडून पथ्य मात्र मोडलं गेलं. त्यांना निर्धार नव्हता असं कोण म्हणेल? आमचं अर्धी भाकरी कमी करणं त्या उपासमारीच्या जवळपासही जात नाही. पण शरीराची रीत तीच, छोट्या प्रमाणात. कमी मिळालं की ते कमी खर्च करतं. शरीराला आपली नियत कळत नाही. त्याला फक्त दुष्काळ कळतो.

मग नैतिक प्रश्नाचं उत्तर काय? नियत साफ आहे म्हणून हिशेब ठेवायचा नाही, हे चालणार नाही. ती स्वतःशी केलेली बेइमानी होईल. आणि हिशेब जुळत नाही म्हणून समोरच्याची नियत खोटी ठरवायची, हेही चालणार नाही. ती बदगुमानी. मला वाटतं, दोन्ही काम करायची आहेत, पण माणसं बदलून. स्वतःला विचारायचा तो हिशेब. दुसऱ्याची धरायची ती नियत. आपण नेमकं उलटं करतो. स्वतःची नियत बघून स्वतःला माफ करतो आणि दुसऱ्याचा हिशेब बघून त्याला शिक्षा देतो. घेताना पुरं माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या लोकांविषयी कुराणात एक स्वतंत्र सूरा आहे. लहानपणी ती ऐकली की मला बाजारातला किराणावाला आठवायचा. आता स्टाफरूम आठवते. आणि स्टाफरूममधली मी आठवते.

कारण ते सर एकटे नव्हते. सहा वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. वर्ग माझ्याकडे होता. मराठीत तिला पहिल्या चाचणीत शंभरपैकी 26 गुण आणि वार्षिक परीक्षेत 28. तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "टीचर, रोज रात को ग्यारा बजे तक बैठती है वो." मी मान डोलावली, आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, 'मेहनत करत नाही.' मला आईचं म्हणणं खोटं वाटलं असं नाही, पण 28 हा आकडा मला आईपेक्षा जास्त खरा वाटला.

नंतर एकदा जुने पेपर चाळताना तिचे दोन्ही पेपर हाती लागले. पहिल्या पेपरात जोडाक्षर आलं की तिने जागा कोरी सोडलेली होती. घरात उर्दू आणि दखनी, मराठी फक्त शाळेपुरती, म्हणून तिला ती वाचताच येत नव्हती. वार्षिक पेपरात तिने सगळ्या प्रश्नांना हात घातला होता. उत्तरं चुकलेली होती, पण 'स्वातंत्र्य' हा शब्द तिने एका ठिकाणी अगदी बरोबर लिहिला होता. 26 आणि 28 यांच्या मध्ये एवढं सगळं घडलं होतं. गुणांचा काटा हलला नव्हता, माणूस आतून बदलला होता. मी तिला हवेतच तोललं होतं.

आज माझं वजन 71 आहे. चालणं चालू आहे, वही चालू आहे, चटणी दोन चमच्यांवरून एकावर आली आहे. साखर थोडी उतरली आहे. काटा मी महिन्यातून एकदाच काढते आणि बाकीचे दिवस कपाटाखाली ढकलून ठेवते. प्रगतिपुस्तकात शेरा लिहिण्याआधी पहिला आणि शेवटचा पेपर शेजारी ठेवून बघते. त्याला वेळ लागतो, घरी जायला उशीर होतो.

त्या मुलीचा शेरा मात्र आता मला बदलता येत नाही. दहावीनंतर ती शाळा सोडून गेली, आणि ते प्रगतिपुस्तक तिच्या घरात कुठल्यातरी ट्रंकेत माझ्या सहीसकट पडून असेल.